गाडीवरून पडलो म्हणून सांग

मी आगीत भाजलेलो नाही, हे आधीच सांगतो. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा माझ्या हातापायांकडे बघायचा. फायरमन ॲडमिट आहे म्हटल्यावर भाजलाच असणार, असा सगळ्यांचा हिशेब. "आग लई मोठी हुती काय?" असं विचारायचे. अग्निशमन दलात नोकरीला लागल्यापासून आगीने मला मोठी इजा कधी केली नाही. माझं डोकं माणसाने फोडलं. खोऱ्याच्या दांडक्याने फोडलं, आणि तो माणूस माझ्या सख्ख्या आक्काचा दीर आहे.

हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. ॲम्ब्युलन्सवर जाणारे, बंदोबस्ताला उभे राहणारे पोलीस, वादळात खांबावर चढणारे लाइनमन, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर. ड्युटीवर मार खायचा आणि नंतर "जाऊ दे, सोडून दे" ऐकायचं, हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांच्यासाठी. डॉक्टरी ज्ञान माझ्याकडे नाही. राग आहे. रागाने रक्तदाब वाढतो, डोक्याला बरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यांचं बाकी सगळं ऐकलं, हे एक जमलेलं नाही.

त्या दुपारी

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, घर बेळगावात अनगोळला, आणि तेव्हा नेमणूक निपाणीच्या बाजूला. आक्काचं सासरही तिकडेच, अगदी हद्दीला लागून. ओढा ओलांडला की महाराष्ट्र. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आक्का अजून तिथेच नांदते. शांता तिचं नाव. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या शाळेचा डबा, माझे कपडे, माझी आजारपणं सगळं तिनेच बघितलं. तिचं लग्न झालं त्या दिवशी तिच्यापेक्षा मी जास्त रडलो होतो, असं गावातले अजून चिडवतात.

उन्हाळ्याचे दिवस होते. तंबाखूची वखार पेटली म्हणून फोन आला. गावाचं नाव ऐकलं, ते आक्काचंच गाव. आम्ही लगेच निघालो. गाडी बसवराज चालवत होता. हा माझा जुना जोडीदार, हुक्केरीकडचा, मराठी मोडकं बोलतो पण गाडी अशी हाकतो की रस्त्यानं वाट द्यावी.

पोहोचलो तेव्हा वखार जळून खाली बसली होती. शेजारचा गोठाही गेला होता. गोठा आक्काच्या घरचाच. आत म्हशी बांधलेल्या होत्या, कुणाला दावी सोडता आली नव्हती. पलीकडच्या घराच्या वळचणीला जाळ लागत होता, ते घर तरी वाचवायचं म्हणून आम्ही पाइप ओढायला लागलो. तेवढ्यात माणसं आमच्याकडे वळली.

"आत्ता आलाय व्हय, राख बघाय?"

"कानडी गाडी हाय. मराठी गावाला कशाला लौकर यील?"

गाडीवर कन्नड अक्षरं असतात, कारण गाडी कर्नाटक सरकारची. आत बसलेला माणूस कुठल्या भाषेत शिंकतो, ते कुणी विचारत नाही. पहिला दगड गाडीच्या काचेवर आला. बसवराज ओरडला, "परशराम, वर ये, वर ये!"

मी वर गेलो नाही. मी हेल्मेट काढलं.

कोर्टात, ऑफिसात, दवाखान्यात, मला सगळ्यांनी हे विचारलं, की हेल्मेट का काढलं? आमच्या भागातल्या माणसाला हे विचारावं लागत नाही. तोंड दिसलं, कुणाचा कोण ते कळलं, की वर गेलेला हात खाली येतो, ही आमच्याकडची समजूत. भांडणात आम्ही लांबूनच ओरडून नातं सांगतो. मी तर त्या गावच्या जत्रेत टॉवेल-टोपीचा मान घेतलेला पाव्हणा. मला वाटलं, हेल्मेट आणि त्याच्या काचेआड ही माणसं मला ओळखत नाहीत, एवढीच अडचण आहे.

"अरे मी परशराम! शांताआक्काचा भाऊ!"

समोर बाळू होता, दाजींचा धाकटा भाऊ. आगीवर माती टाकून टाकून त्याचं अंग काळं झालेलं. त्याने मला नीट बघितलं. दोन हातांवर होता तो. म्हणाला, "पावणं, आत्ता आलाय व्हय?" आणि हातातल्या खोऱ्याचा दांडका घातला.

वॉर्डात

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बसवराजच्या मांडीवर माझं डोकं, आणि तो एकसारखा म्हणतोय, "येनू आगिल्ला, येनू आगिल्ला." म्हणजे काही झालेलं नाही. त्याच्या पँटवर माझं रक्त होतं आणि हा म्हणतोय काही झालेलं नाही. निपाणीत टाके घातले. उलट्या थांबेनात, डावा हात जड पडायला लागला, म्हणून बेळगावला हलवलं. तिथे मेंदूवर रक्त साचलंय असं निघालं आणि कवटी उघडावी लागली. मला हे नंतर कळलं. त्या दिवशी घाबरायचं काम सगळं माझ्या बायकोने, रेणुकाने केलं.

डोक्याच्या ऑपरेशननंतरचा वॉर्ड म्हणजे सारखी तोंडी परीक्षा. नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता, बोटं किती दिसतात. झोप लागली की उठवायचे आणि पुन्हा विचारायचे. मी एकदा चिडून म्हणालो, "मघाशी सांगितलंय, जाऊन तेच वाचा." सिस्टर हसली आणि म्हणाली, "चिडलात म्हणजे सुधारताय."

ही सिस्टर काकती गावची. माझ्या नखांत अडकलेली काजळी तिने गरम पाण्यात हात बुडवून, काडीने टोकरून काढली. हे तिचं काम नव्हतं. मी थांबवायला गेलो तर म्हणाली, "बायकू बघून रडतीया तुमची, म्हणून काढते." त्या दिवसांत मला एवढी माया कुणाच्या हातून मिळाली नव्हती.

तिनेच मला सांगितलं की मागे एका पेशंटच्या भावाने तिच्या कानाखाली मारली होती. संपलेली सलाइन लवकर बदलली नाही म्हणून. मी विचारलं, "तक्रार केली?"

"न्हाय. वरच्या मॅडम म्हणाल्या, नातेवाईक दुःखात असत्यात, समजून घ्यायचं."

मला तिथल्या तिथे उठून बसावंसं वाटलं. दुःखात असलेल्याने मारायचं आणि कामावर असलेल्याने समजून घ्यायचं, ही वाटणी केली कुणी? तिला काय दुःख नसतं? घरी तापलेलं पोर ठेवून ती ड्युटीवर आली असेल, हे त्या भावाला कुणी सांगितलं नाही. बाळूच्या म्हशी गेल्या, मला मान्य आहे. मला त्या म्हशींचं वाईट वाटतं, मी त्यांचं दूध प्यालोय. पण म्हशी मी जाळल्या नव्हत्या.

त्या वॉर्डात टीव्ही होता. कुठल्याशा शहरात डॉक्टरला मारल्याची बातमी आली आणि शिक्षा वाढवा, कायदा कडक करा, अशी चर्चा सुरू झाली. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा जावई मोठ्यानं म्हणाला, "असल्यांना भर चौकात फटकं द्याय पायजेत!" सगळ्यांनी माना डोलावल्या. याच जावयाने सकाळी वॉर्डबॉयची गचांडी धरली होती, स्ट्रेचर लवकर आणलं नाही म्हणून. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला काहीच आठवत नव्हतं.

दूध

घरी आल्यावर जेवणाची चव गेली होती. रेणुका डाळीला लसणाची फोडणी द्यायची, मी भिंतीकडे बघत गिळायचो. गोळ्यांमुळे असेल असं वाटायचं. मी तिच्यावर ओरडायचो, "मीठ-मसाला घालतेस की नाही?" ती बिचारी दुसऱ्या दिवशी तिखट वाढवायची. माझे डोळे भरायचे, जीभ भाजायची, पण कोथिंबीर काय आणि गवत काय, मला सारखंच.

डोक्याला मार लागलेला माणूस घरी आला की संतापी होतो, हे त्याच्या घरच्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं. मी ताट सरकवलंय. मुलीच्या अभ्यासाच्या आवाजावर ओरडलोय. ती शाळेतून आली की दारात चपला काढून आधी आईकडे बघायची, बाबा कसे आहेत म्हणून. आईने मान हलवली तरच आत यायची.

एका सकाळी रेणुका पाणी भरायला खाली गेली होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ खुर्चीत पेपर वाचत होतो. ती धापा टाकत वर आली, मला ओलांडून आत धावली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस सुटला होता. जिन्यात तिला वास आला होता. मला चार पावलांवर आला नाही.

"अवो, वास न्हाय आला तुमास्नी?"

मी उठलो. उदबत्तीचा पुडा नाकाला लावला. लसूण ठेचून लावला. डेटॉलची बाटली उघडली. रेणुका माझ्या मागे उभी राहून बघत होती. शेवटी मी तिच्या डोक्यात माळलेल्या अबोली-मोगऱ्याच्या वळेसरात नाक घातलं आणि लहान पोरासारखा रडलो.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की जोराच्या माराने वासाच्या नसा तुटतात, काहींच्या परत जुळतात, काहींच्या नाही. "तुमचं थोडं कठीण वाटतं." माझ्या दृष्टीने आजाराचं निदान झालं ते त्या दिवशी. कवटी भरून येते. पण धूर कुठल्या बाजूने येतोय, आत प्लास्टिक पेटलंय की वायर, गॅस साचलाय का, दार उघडायचं की नाही, हे फायरमनला डोळ्यांच्या आधी नाक सांगतं. नाक गेलेला फायरमन गाडीवर घेत नाहीत, आणि घेऊही नये. मला कंट्रोल रूममध्ये फोनवर बसवलं. आता मी फोन उचलतो आणि दुसऱ्यांना पाठवतो.

लोकांनी यावरही विनोद केले. "बरं झालं, नाल्याजवळनं जाताना तरास न्हाय." "नशीबवान हाईस, बायकूनं करपवलं तरी कळाय न्हाय." पहिल्यांदा मी हसलो. पाचव्यांदा एकाला घरातून हाकललं.

कुणी कुठे फोन लावला

आक्का दवाखान्यात एकदाच आली होती, एकटी, लाल बसने. पेज घेऊन आली होती. माझ्या डोक्याकडे बघितलं, पदर तोंडात धरला. मग मला पेज भरवता भरवता सगळं सांगितलं.

आग लागली ती सकाळीच, धुमसत होती. बाळूनेच फोन लावला होता. पण त्याने इकडे लावला नाही. त्याच्या मोबाइलमध्ये ओढ्यापलीकडचा, महाराष्ट्रातल्या फायरचा नंबर होता, तो लावला.

"का?" मी विचारलं.

"तिकडं मराठीत बोलत्यात म्हणून. हिकडं लावलं की कोण कानडीत इचारंल, आपल्याला धड सांगता येतंय का, असं त्येला वाटलं."

तिकडच्यांनी फोन उचलला, गावाचं नाव विचारलं, तालुका विचारला. हे कर्नाटकात येतं, तिकडे फोन लावा, आम्हीही कळवतो, असं सांगितलं. त्यांची चूक म्हणवत नाही. त्या गावात घराच्या पुढच्या सोप्यात उभं राहिलं तर मोबाइल कर्नाटकात असतो आणि मागच्या परसात गेलं की महाराष्ट्रात तुमचं स्वागत आहे असा मेसेज येतो. बाळूला वाटलं तिकडची गाडी येणार. तो वेशीत वाट बघत बसला. कुणीतरी शेवटी इकडे फोन केला, आम्ही निघालो. तोवर वखारीचा जाळ गोठ्याला लागला होता.

इकडचा फोन कोण उचलतं, माहीत आहे? बऱ्याचदा मीच उचलायचो. खानापूरचा परशराम. "बोला, काय झालं, कुठं झालं," असं मराठीत विचारणारा.

मी पेजेचा चमचा बाजूला केला. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. ह्या माणसाने स्वतःच्या हाताने चुकीचा नंबर लावला, आणि उशीर झाला म्हणून डोकं माझं फोडलं. त्याला ठाऊक होतं, उशीर कुणामुळे झाला. म्हणूनच एवढ्या जोराने मारलं असणार.

आक्काने चमचा पुन्हा भरला. मग खाली बघत म्हणाली, "परशा, तुझ्या दाजीनी मला निरोप देऊन पाठवल्यात. साक्षीला बोलावलं की गाडीवरनं पडलो म्हणून सांग."

"आणि तू काय म्हणतेस?"

"सांगाय लावल्यात, सांगितलं. तू ऐकायलाच पायजे असं मी म्हणाली न्हाय."

पेज संपवली, डबा धुतला आणि ती शेवटच्या गाडीची वेळ विचारून निघून गेली. सासरच्यांनी तिला एकटीला पाठवण्याचं कारण मला तेव्हा कळलं. मी दाजींना नाही म्हणेन, आक्काला नाही म्हणणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

टॉवेल-टोपी

मी घरी आल्यावर दाजी आले. बरोबर गावचे पंच, दोन वयस्क माणसं. हातात पिशवी. रेणुकाने चहा केला. पंचांनी सुरुवात दुरून केली. पाऊसपाणी, जत्रा, मुलीचं शिक्षण. मग एक जण म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पोरगं येडं हाय. त्येच्या म्हशी गेल्या, डोस्कं फिरलं. देवळात देवाम्होरं नारळ ठेवून त्यो तुझ्या पाया पडंल. मिटवू."

मी म्हटलं, "केस मी केलेली नाही. ऑफिसने केलीय. सरकारची आहे. ती मिटवता येत नाही."

"ते आमाला म्हाईत हाय. पर साक्ष तुझी हाय न्हवं?" दाजी म्हणाले. "पयलं असतं तर दंडावर भागलं असतं. आता सरकारी माणसावर हात टाकला की लई कडक केल्यात म्हणं. वकील म्हणतोय, आत जाईल. त्येचं लगीन ठरायला लागलंय. तू पडलो म्हण, सुटला त्यो."

मी टीव्हीवर शिक्षा वाढवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने होतो, अजून आहे. पण दाजींचं बोलणं ऐकताना एक गोष्ट मला लखलखीत कळली. शिक्षा जेवढी वाढेल तेवढा मार खाणाऱ्याच्या दारात पाव्हण्यांचा घोळका वाढेल. बाळूला थोडक्यात सुटता आलं असतं तर दाजी एवढ्या लांब आलेच नसते. कायदा कडक करणाऱ्यांनी मारणाऱ्याचा विचार केला. मार खाणाऱ्याला त्याच गावात, त्याच भावकीत, त्याच लग्नकार्यांत वावरायचं असतं, याचा विचार केला नाही. मग तो कोर्टात जाऊन म्हणतो, पडलो. कायद्याला साक्षीदारच मिळत नाही आणि लोक म्हणतात, बघा, कुणाला शिक्षा होत नाही.

मी काही बोलत नाही म्हटल्यावर पंचांना वाटलं, मान्य आहे. त्यांनी पिशवीतून टॉवेल आणि टोपी काढली. मानपानाशिवाय आमच्याकडे काही पुरं होत नाही. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. टोपी उलगडून माझ्या डोक्यावर ठेवली. नवीकोरी, कडक खळ केलेली टोपी टाक्यांच्या वणावर घासली आणि डोळ्यांसमोर अंधारी आली.

रेणुका आतून आली. तिने टोपी उचलली, घडी घातली आणि दाजींच्या मांडीवर ठेवली.

"दाजी, ह्या डोस्क्यावर टोपी घालायची जागा तुमच्या भावानं ठेवली न्हाय. ही घरी न्या."

माझी बायको लग्न झाल्यापासून दाजींसमोर पदर सावरल्याशिवाय उभी राहिलेली नाही. त्या दिवशीही पदर नीट होता. दाजी लाल झाले. उठताना उंबऱ्यात थांबून माझ्याकडे बघून म्हणाले, "साक्ष दिलास तर एक ध्येनात ठेव. शांताला म्हायार न्हाय, आन तुला भन न्हाय."

चहा कुणीच प्यायला नव्हता. रेणुकाने सगळे कप मोरीत ओतले आणि मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. "मी लई बोलले काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कमी बोललीस."

मधले दिवस

साक्षीची तारीख पडेपर्यंत मला जेवढे सल्ले मिळाले, तेवढ्या गोळ्याही मिळाल्या नाहीत. ऑफिसातले काही म्हणाले, तुमच्या मराठी लोकांनीच तुला मारलं, आता तरी डोळे उघड. गावाकडचे म्हणाले, आपल्याच माणसाला कानडी सरकारच्या कोर्टात उभा करणार काय? दोघांनाही माझ्या डोक्याशी देणंघेणं नव्हतं. दोघांनाही आपापलं जुनं भांडण त्यावर घालायचं होतं. मी कुणाचा माणूस आहे हे ठरवायला सगळे तयार, मला गॅसचा वास येत नाही याचं काय ते कुणीच विचारलं नाही.

बसवराजने मात्र विचारलं. तो दर सुट्टीला यायचा. साक्ष त्याचीही होती. मी म्हटलं, "बसू, माझ्यावर दबाव आहे. तू काय सांगणार?"

"मी बघितलो ते सांगतो. तू पडला सांगितला तर मी खोटा होतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "होऊ दे. तुझा आक्का आहे. मी खोटा झाला तर चालतो."

त्याच्या या बोलण्याने मला झोप लागली नाही. भीती मला बाळूची नव्हती, कोर्टाची नव्हती. आक्काची होती. ती रोज त्या घरात उठते, त्या चुलीवर रांधते, त्या माणसांत बसते. मी कोर्टात बोलून बेळगावला परत येणार. ती कुठे जाणार? हा विचार आला की मी ठरवायचो, म्हणू पडलो, काय जातंय. मग सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की गरम पाण्यापलीकडे काही कळायचं नाही, आणि पुन्हा डोकं तापायचं.

साक्ष

सरकारी वकील बाई तरुण होत्या. आत जायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "परशराम, फिरणार असाल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही. माझे बरेचसे साक्षीदार फिरतात. फक्त उभं राहून मला तोंडावर पाडू नका." त्यांच्या आवाजात चीड नव्हती, सवय होती. त्याचंच मला वाईट वाटलं.

कोर्टात एका बाकावर दाजी, पंच, आणि मध्ये आक्का. तिला मुद्दाम आणून पुढे बसवलं होतं, मला दिसावी म्हणून. बाळू पांढरा शर्ट घालून उभा. दाढी केलेली. किती साधा दिसत होता.

कन्नडमध्ये सांगता का मराठीत, असं मला विचारलं. मला दोन्ही येतं. पण मार मराठीत खाल्ला होता, तर मी मराठीतच सांगितलं. फोन आला तिथपासून दांडका बसला तिथपर्यंत. मधे एकदा पाणी मागून प्यालो.

बाळूच्या वकिलांनी विचारलं, "गाडीच्या पायरीवरून पाय घसरून तुम्ही पडलात, हे खरं आहे का?"

आक्का बघत होती. तिने मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत, काही खूण केली नाही. नुसती बघत होती.

"खोटं आहे," मी म्हणालो.

"धूर होता. आरोपीने तुम्हाला ओळखलं नसणार."

"ओळखलं होतं. पाव्हणं म्हणाला आणि मारलं."

बाकावर कुजबुज झाली. जजसाहेबांनी हात वर केला. मी खाली आलो तेव्हा अंगातला ताप उतरल्यासारखं वाटलं. वकील बाईंनी कागदांतून वर न बघता हळूच म्हटलं, "थँक्यू." बसवराजची साक्ष माझ्यानंतर झाली. तो त्याच्या कन्नडमध्ये मोजकं, ठाम बोलला आणि बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

बाहेर व्हरांड्यात दाजींची माणसं माझ्यासमोरून गेली. दाजी थुंकले. आक्का त्यांच्यामागून चालत होती, मान खाली घालून. माझ्याकडे बघितलं नाही. मी हाक मारली नाही.

अशा वेळी काय करावं, असं मला आता पुष्कळ जण विचारतात. मार खाल्लेले. परवा एक ॲम्ब्युलन्सवाला आला होता, हाताला प्लास्टर, डोक्याला टाके. मी त्याला सांगितलं, गोळ्या वेळेवर घे, झटके येतात का लक्ष ठेव, घरच्यांवर ओरडू नकोस. आणि साक्ष दे. फुकटात मिळणार नाही, किंमत पडेल, पण दे. त्याने विचारलं, "तुम्हाला काय पडली?" मी त्याला चहा पाजून पाठवलं.

साक्षीनंतर काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. आक्का. शेजारणीच्या मोबाइलवरून बोलत होती, आवाज दाबून.

"परशा, खरं बोललास. बरं केलास."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"आता ऐक. पंचमीला मला न्यायला यिऊ नको. दारात घेणार न्हाईत तुला. आन फोन करू नको, मोबाइल त्येंच्याकडं असतोय."

"तुला काही करतायत काय आक्का? मारतायत काय?"

"न्हाय रं. कोण बोलत न्हाय माझ्याशी, तेवढंच."

"बाळू कुठंय?"

हे लिहितोय तेव्हाही केस चालू आहे. पुढची तारीख पडली आहे. शिक्षा व्हायची तेव्हा होईल.

"जामिनावर हाय न्हवं, घरातच हाय," आक्का म्हणाली. "ठेवते. त्येच्या जेवायची येळ झाली, भाकरी करायच्या हाईत."